मानेतली ऑपरेशन्स: धमन्या आणि नर्व्ह जागा बदलतात तेव्हा

थायरॉइड, मानेतल्या गाठी, ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्यातून श्वासनलिकेला छिद्र पाडणं) ही ऑपरेशन्स सर्जरीच्या किंवा ईएनटीच्या पहिल्या वर्षातच रेसिडेंटच्या वाट्याला येतात. ॲनाटॉमीच्या पुस्तकातलं मानेचं चित्र आपण पाठ केलेलं असतं. ते चित्र खरं आहे, पण ते सगळ्यांत जास्त वेळा आढळणाऱ्या मांडणीचं आहे. टेबलावर झोपलेल्या माणसाची मान तशीच असेल, हे कुणीच सांगू शकत नाही. धमनी एक बोटभर वर फुटलेली असते, नर्व्ह (मज्जातंतू) वळसा न घेता सरळ येते, एखादी जास्तीची फांदी श्वासनलिकेच्या पुढून वर चढते.

हे सगळे प्रकार तोंडपाठ करण्याची गरज नाही. कोणत्या टप्प्यावर काय वेगळं सापडू शकतं आणि तिथे हात कधी थांबवायचा, हे कळलं तरी पुष्कळ आहे. एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. कॅरोटिड (डोक्याकडे रक्त नेणारी मानेतली मोठी धमनी) आणि स्वरयंत्र यांच्यामध्ये आडवी जाणारी कोणतीही गोष्ट, ती काय आहे हे नक्की कळेपर्यंत कापायची नाही, बांधायची नाही आणि तिच्यावर कॉटरीही (विजेने डाग देऊन रक्त थांबवणारं यंत्र) लावायची नाही.

जागा का बदलते

हे एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं निम्मं पाठांतर वाचेल.

गर्भात महाधमनीच्या कमानींच्या जोड्या एकामागून एक तयार होतात. काही विरून जातात, काहींच्या मोठ्या धमन्या होतात. व्हेगस या मेंदूतून निघणाऱ्या लांब नर्व्हची जी फांदी पुढे स्वरतंतू हलवणारी रिकरंट लॅरिंजिअल नर्व्ह होते, ती सुरुवातीला सहाव्या कमानीखालून स्वरयंत्राकडे जाते. हृदय खाली छातीत सरकतं तेव्हा कमानही खाली जाते आणि नर्व्हला सोबत ओढून नेते. डावीकडे सहावी कमान डक्टस आर्टेरिओसस (गर्भात फुफ्फुसाची धमनी महाधमनीला जोडणारी वाहिनी) म्हणून जन्मापर्यंत टिकते, म्हणून डावी नर्व्ह पार छातीत, महाधमनीच्या खालून वळते. उजवीकडे सहाव्या कमानीचा तो भाग विरतो, त्यामुळे नर्व्ह वर सरकून चौथ्या कमानीखाली, म्हणजे उजव्या सबक्लेव्हियन धमनीखाली अडकते.

उजवी चौथी कमानही विरली, तर नर्व्हला अडकायला काहीच उरत नाही. ती मानेतच व्हेगसमधून निघून सरळ स्वरयंत्रात शिरते. तिला नॉन-रिकरंट नर्व्ह म्हणतात. उजव्या हाताला रक्त तर पोचायला हवंच, म्हणून सबक्लेव्हियन महाधमनीच्या डाव्या टोकाकडून निघते आणि बहुतेकांत, साधारण ८० टक्के वेळा, अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे येते. ही मांडणी स्टेडमन यांनी १८२३ मध्येच नोंदवून ठेवली आहे. उजवीकडे तिचं प्रमाण शंभरात एखादं किंवा त्याहूनही कमी. डावीकडे ती अत्यंत दुर्मीळ असते, कारण त्यासाठी महाधमनीची कमानच उजवीकडे असावी लागते.

म्हणजे धमनी वेगळी दिसली की तिच्यासोबतची नर्व्हही वेगळी असणार, असं धरून चालायचं. सीटीत धमनी दिसते, नर्व्ह दिसत नाही. त्यामुळे धमनीवरूनच नर्व्हचा माग काढावा लागतो.

आदल्या दिवशी: सीटी स्वतः उघडून पाहा

रिपोर्टमध्ये ‘मोठ्या रक्तवाहिन्या नॉर्मल’ एवढंच लिहिलेलं असतं. रेडिऑलॉजिस्टला गाठीबद्दल विचारलेलं असतं आणि उत्तरही गाठीबद्दलच मिळतं. कॉन्ट्रास्ट सीटी असेल तर ॲक्सिअल चित्रं छातीपासून वर सरकवत न्या आणि या क्रमाने पाहा.

१. महाधमनीच्या कमानीतून किती फांद्या निघतात? तीनच्या जागी दोन दिसल्या तर डावी कॉमन कॅरोटिड बहुधा इनॉमिनेटमधून (कमानीची पहिली, उजवीकडे जाणारी मोठी फांदी) निघत असेल. याला बोव्हाइन आर्च म्हणतात आणि ते मुळीच दुर्मीळ नाही. चार दिसल्या तर डावी व्हर्टिब्रल थेट कमानीतून निघत असेल (साधारण ५ टक्के), किंवा चौथी फांदी उजव्या सबक्लेव्हियनची असेल.

२. अन्ननलिकेच्या मागून काही उजवीकडे जातं का? जात असेल तर नॉन-रिकरंट नर्व्ह गृहीत धरा आणि सीनिअरला त्याच संध्याकाळी सांगा.

३. इनॉमिनेट धमनी छातीच्या हाडाच्या वरच्या कडेला ओलांडून मानेत येते का?

४. कॅरोटिड कुठे दुभंगते, म्हणजे इंटर्नल (मेंदूकडे जाणारी) आणि एक्स्टर्नल (चेहऱ्याकडे जाणारी) या दोन धमन्यांत कुठे फुटते? नेहमीची जागा थायरॉइड कार्टिलेजच्या वरच्या कडेपाशी, म्हणजे सी-३ ते सी-४ च्या (मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या) पातळीला. ती वर हायॉइडपर्यंत (जिभेखालचं हाड) किंवा खाली क्रिकॉइडकडे (स्वरयंत्राचं खालचं कडं) सरकलेली असू शकते, आणि दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही.

५. इंटर्नल कॅरोटिड घशाच्या मागच्या भिंतीकडे वळलेली आहे का?

६. व्हर्टिब्रल धमनी कोणत्या मणक्याच्या छिद्रात शिरते? दहातल्या नऊ जणांत सी-६ मध्ये. उरलेल्यांत सी-५, क्वचित सी-४ किंवा सी-७.

साध्या थायरॉइडच्या पेशंटची सीटी बहुतेकदा झालेलीच नसते, आणि फक्त यासाठी ती करायलाही नको. सोनोग्राफी करणाऱ्याला प्रोब उजव्या क्लॅव्हिकलच्या वर टेकवून इनॉमिनेटची दुफाटी दाखवायला सांगा. उजवी कॉमन कॅरोटिड आणि सबक्लेव्हियन एकाच खोडातून इंग्रजी वायसारख्या फुटताना दिसल्या, तर उजवी नर्व्ह नेहमीसारखी वळसा घेते असं मानायला हरकत नाही. वाय दिसलाच नाही आणि कॅरोटिड सरळ खाली छातीत जाताना दिसली, तर सावध व्हा. घन पदार्थ गिळताना जुना त्रास आहे का, हेही विचारा. मोठ्या गलगंडातही तसा त्रास होतो, त्यामुळे एवढ्यावरून निदान होत नाही, पण बेरियमच्या चित्रात अन्ननलिकेवर मागून तिरकी खाच दिसली तर अर्थ लागतो.

आणि स्वरतंतू ऑपरेशनआधी पाहिल्याशिवाय थायरॉइडला हात लावू नका. आवाज चांगला असूनही एका बाजूचा स्वरतंतू आधीच निकामी असू शकतो. तसं असेल तर दुसऱ्या बाजूच्या नर्व्हची किंमत दुप्पट होते.

टेबलावर, चिरा घेण्यापूर्वी

खांद्याखाली रोल ठेवून मान मागे ताणली की आतली मांडणी हलते. इनॉमिनेट वर खेचली जाते, जबड्याखालची नर्व्ह खाली उतरते. म्हणून पोझिशन दिल्यानंतर छातीच्या हाडावरच्या खळग्यात बोट ठेवून पुन्हा एकदा तपासा. तिथे ठोके लागले तर भूलतज्ज्ञांसह सगळ्यांना मोठ्याने सांगा.

नर्व्ह मॉनिटर (नर्व्हला विजेचा हलका स्पर्श केल्यावर स्वरयंत्राचे स्नायू हलतात का हे ट्यूबवरच्या इलेक्ट्रोडने दाखवणारं यंत्र) लावणार असाल तर भूल देण्याआधीच बोलून घ्या. ट्यूब घालताना सक्सिनिलकोलीन किंवा रोक्युरोनियमचा एकच लहान डोस द्यावा, नंतर स्नायू सैल करणारं औषध पुन्हा देऊ नये, आणि स्वरतंतूंवर लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) फवारू नये. मान ताणल्यानंतर ट्यूब वर किंवा खाली सरकते, म्हणून इलेक्ट्रोड स्वरतंतूंना टेकले आहेत ना हे पोझिशननंतर परत पाहावं लागतं. ‘मॉनिटर चालत नाही’ अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा कारण एवढंच असतं.

थायरॉइडचं वरचं टोक

सुपीरिअर थायरॉइड धमनी एक्स्टर्नल कॅरोटिडची पहिली फांदी, असं आपण शिकतो. प्रत्यक्षात ती दुभंगाच्या अगदी कोपऱ्यातून किंवा थेट कॉमन कॅरोटिडमधूनही निघते. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये याने फारसा फरक पडत नाही, कारण आपण ती ग्रंथीजवळ पकडतो. फरक पडतो तो नेक डिसेक्शनमध्ये (कॅन्सरसाठी मानेतल्या लिम्फ नोड काढण्याच्या ऑपरेशनमध्ये), जिथे ‘पहिली फांदी दिसली, म्हणजे ही एक्स्टर्नल’ असा हिशेब चुकतो.

वरच्या टोकाला खरी काळजी सुपीरिअर लॅरिंजिअल नर्व्हच्या बाहेरच्या फांदीची. ती क्रिकोथायरॉइड स्नायूला जाते. ती गेली तर आवाज बसत नाही, पण उंच स्वर लागत नाही आणि बोलून बोलून घसा लवकर थकतो. शिक्षक, कीर्तनकार, गायक, बाजारात ओरडून माल विकणारे यांच्यासाठी हे छोटं नुकसान नाही. सर्निया यांनी १९९२ मध्ये केलेली वर्गवारी आजही वापरतात. नर्व्ह रक्तवाहिन्यांना ग्रंथीच्या टोकापासून १ सेंटिमीटरहून वर ओलांडते तो प्रकार १. टोकाच्या वरच पण १ सेंटिमीटरच्या आत ओलांडते तो २-अ. टोकाच्याही खाली उतरलेली असते तो २-ब. मोठ्या गलगंडात टोक वर चढलेलं असतं, त्यामुळे २-ब तिथे बराच जास्त सापडतो. म्हणजे जिथे जागा सगळ्यांत कमी, तिथेच धोका सगळ्यांत जास्त.

क्रम असा ठेवा. ग्रंथीचं वरचं टोक बॅबकॉक चिमट्याने धरून खाली आणि बाहेर ओढा. स्टर्नोथायरॉइड स्नायू आड येत असेल तर त्याचा वरचा काही भाग कापा, त्याने पेशंटचं काही बिघडत नाही. ग्रंथी आणि क्रिकोथायरॉइड स्नायू यांच्यामध्ये रक्त नसलेली एक पोकळ जागा असते, ती पीनटने (चिमट्यात धरलेला गॉजचा छोटा गोळा) हळूच उघडा. नर्व्ह त्याच जागेत, दोऱ्यासारखी बारीक, वाहिन्यांच्या आतल्या बाजूने खाली येताना दिसते. मग वाहिन्यांच्या फांद्या एकेक करून, कॅप्सूलला चिकटून बांधा. सगळा झुबका एकाच चिमट्यात धरून वर बांधणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक, आणि २-ब प्रकारात त्या झुबक्यात नर्व्ह हमखास असते.

साधारण पाचातल्या एका पेशंटमध्ये ही नर्व्ह स्नायूच्या आतून जाते आणि कितीही शोधली तरी दिसत नाही. तिच्यासाठी स्नायू खरवडत बसू नका. बांधायच्या ऊतीला १ मिलिअँपिअरने स्पर्श करा. क्रिकोथायरॉइड आक्रसला नाही, म्हणजे त्या ऊतीत नर्व्ह नाही. मॉनिटर नसेल तर कॅप्सूललगत राहणं हाच उपाय.

रिकरंट नर्व्ह: इथे वेळ द्या

आधी नर्व्ह ओळखायला शिका. जिवंत नर्व्ह पांढरट आणि किंचित चमकदार असते. तिच्या अंगावर लांबीच्या दिशेने जाणारी केसाएवढी लाल वाहिनी दिसते. ती किंचित चपटी असते, पीनटने बाजूला सारली तर परत जागेवर येते, दाबली तरी रिकामी होत नाही. लहान धमनीचा रंग गुलाबीसर, ती गोल असते, दाबलं की पांढरी पडते आणि सोडलं की भरते. फॅशियाचा (स्नायूंवरच्या पातळ आवरणाचा) धागा ताण सोडला की नाहीसा होतो, नर्व्ह ताण सोडल्यावरही तशीच दिसते. हा फरक कुणाच्या तरी शेजारी उभं राहून, भिंगाच्या चष्म्यातून, चांगल्या उजेडात पाहिला पाहिजे. वाचून तो येत नाही.

डावी नर्व्ह श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून जवळजवळ सरळ वर जाते. उजवी बाहेरून आत तिरपी येते. इन्फीरिअर थायरॉइड धमनीशी तिचं नातं ठरलेलं नाही. ती धमनीच्या मागून जाते, पुढून जाते, किंवा धमनीच्या फांद्यांच्या मधून वाट काढते. पुढून जाणं उजवीकडे जास्त दिसतं, मागून जाणं डावीकडे. काही जणांत ती धमनीच नसते, हेही डावीकडे जास्त. म्हणून ‘धमनी सापडली, तिच्या मागे नर्व्ह असणार’ असं समजून धमनीच्या पुढची ऊती निर्धास्तपणे कापणं धोक्याचं. धमनीचं खोड बाहेर बांधायचंच नाही. फांद्या ग्रंथीजवळ बांधल्या की पॅराथायरॉइडचा (थायरॉइडमागच्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथींचा) रक्तपुरवठाही वाचतो.

भरवशाची खूण वर आहे. थायरॉइड कार्टिलेजचं खालचं शिंग बोटाने चाचपा. नर्व्ह तिथेच, शिंगाच्या किंचित खालून, इन्फीरिअर कन्स्ट्रिक्टरच्या कडेखाली शिरते. बाकी वाट कशीही असो, स्वरयंत्रात शिरण्याची ही जागा फार क्वचित बदलते. नॉन-रिकरंट नर्व्हही इथेच येते.

पायऱ्या:

पायरी १. थायरॉइडची मधली शीर बांधा, ग्रंथी आत वळवा, कॅरोटिड बाहेर धरा.

पायरी २. खालच्या टोकाजवळ, धमनीच्या खाली, नर्व्हच्या अपेक्षित वाटेला समांतर असा मॉस्किटो (बारीक टोकाचा चिमटा) उघडत जा. आडवा कधीच उघडू नका.

पायरी ३. नर्व्ह दिसली की तिच्या पुढच्या पृष्ठावरून वर जा. पाहायची एकच गोष्ट: ती दुभंगते का? निम्म्याहून जास्त लोकांत ती स्वरयंत्रात शिरण्याआधीच, बहुतेकदा शेवटच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये फुटते. हालचाल देणारी फांदी पुढची असते. मागची जाड फांदी सापडली म्हणून समाधानाने पुढची बारीक ‘फॅशियाची पट्टी’ कापली, की स्वरतंतू गेला. नर्व्ह अपेक्षेपेक्षा बारीक वाटली तर तिची जोडीदार पुढे आहे असं समजूनच शोधा.

पायरी ४. झुकरकँडल ट्यूबरकल, म्हणजे ग्रंथीचा मागे आलेला उंचवटा, अलगद वर उचला. नर्व्ह बहुधा त्याच्या आत, खाली दडलेली असते. थोड्या लोकांत ती त्याच्या बाहेरून, उंचवट्यावर ताणलेली असते, आणि पहिल्याच ओढीत दुखावते.

पायरी ५. बेरीचं लिगामेंट. ग्रंथी श्वासनलिकेला जिथे घट्ट चिकटते ती जागा. नर्व्ह इथे लिगामेंटपासून मोजक्या मिलिमीटरवर असते. ग्रंथी आत ओढली की लिगामेंट नर्व्हलाही पुढे खेचतं आणि सरळ नर्व्हला कोन पडतो. बहुतेक इजा कापल्यामुळे होत नाहीत, या ओढीमुळे होतात. नर्व्ह अखंड दिसते, आवाज मात्र गेलेला असतो. इथेच इन्फीरिअर लॅरिंजिअल धमनीची छोटी फांदी नर्व्हला ओलांडते आणि फाटली की सगळं लाल होतं. तेव्हा घाईने कॉटरी लावू नका. ओढ सैल करा, ओलं गॉज ठेवून हलका दाब द्या, दोन-तीन मिनिटं थांबा. बहुधा रक्त आपोआप थांबतं. नाहीच थांबलं तर नर्व्ह डोळ्यांसमोर ठेवून बारीक क्लिप किंवा टाका. ऊर्जा देणारं कुठलंही यंत्र नर्व्हपासून निदान ३ ते ५ मिलिमीटर लांब ठेवा, आणि त्याचं गरम टोक विझवल्यावरही काही सेकंद तापलेलं असतं हे लक्षात असू द्या.

उजवीकडे नर्व्ह सापडतच नसेल तर

खाली शोधून पंधरा-वीस मिनिटं झाली, खाच रिकामी आहे. इथे माणूस आणखी खोल उकरतो, आणि नुकसान होतं ते तिथेच. थांबा. खाली शोधणं सोडून वर या आणि कॅरोटिडच्या आतल्या कडेने आडवं काही येतं का ते पाहा. नॉन-रिकरंट नर्व्ह कधी सुपीरिअर थायरॉइड वाहिन्यांच्या सोबतीने उंचावरून येते, कधी इन्फीरिअर थायरॉइड धमनीच्या वरून किंवा खालून, तिला समांतर, आडवी. ती हुबेहूब मधल्या शिरेसारखी किंवा धमनीच्या फांदीसारखी वाटते. म्हणूनच तो पहिला नियम.

मॉनिटर असेल तर व्हेगसवर दोन ठिकाणी तपासा. एकदा वर, थायरॉइड कार्टिलेजच्या वरच्या कडेच्या पातळीला, आणि एकदा खाली, श्वासनलिकेच्या चौथ्या कड्याच्याही खाली. वर सिग्नल आला आणि खाली आला नाही, तर फांदी या दोन जागांच्या मध्ये फुटली आहे, म्हणजे नर्व्ह नॉन-रिकरंट आहे. दोन्हीकडे आला तर ती नेहमीसारखी वळसा घेते, शोध चालू ठेवा. उजव्या बाजूला व्हेगसचा खालचा सिग्नल सुरुवातीलाच घेण्याची सवय लावली तर हा सगळा गोंधळ ग्रंथी उचलण्याआधीच मिटतो.

इथे एक फसवी गोष्ट आहे. मानेतल्या सिंपथेटिक साखळीतून रिकरंट नर्व्हला एक जोडफांदी येते, आणि ती कधीकधी रिकरंटइतकीच जाड असते. तीही आडवी येते, तीही पांढरी. पाहणारा म्हणतो ‘नॉन-रिकरंट सापडली’, आणि खाली खरी नर्व्ह बेसावधपणे कापली जाते. ओळख अशी: आडव्या फांदीचा बाहेरच्या दिशेने माग काढा. ती कॅरोटिड शीथमध्ये शिरून व्हेगसला मिळाली तर नॉन-रिकरंट, कॅरोटिडच्या मागून सिंपथेटिककडे गेली तर जोडफांदी. जोडफांदीला विजेचा स्पर्श केला तर स्वरयंत्र हलत नाही.

पहिली बाजू झाली की व्हेगसवर शेवटची तपासणी करूनच दुसरीकडे जा. सुरुवातीला ५०० मायक्रोव्होल्टच्या वर असलेला सिग्नल १०० च्या खाली गेला, तर आधी ट्यूबची जागा, वायर आणि स्नायू सैल करणारं औषध तपासा, आणि मागच्या बाजूने बोट लावून स्वरयंत्र आक्रसतं का ते पाहा. खरोखरच गेला असेल तर दुसरी बाजू आज करू नये. पेशंटला पुन्हा भूल द्यावी लागेल, पण दोन्ही स्वरतंतू एकदम गेल्यावर गळ्यात भोक पाडावं लागतं त्यापेक्षा ते बरं. नर्व्ह कापलीच गेली असेल तर टोकं ताण न देता बारीक टाक्यांनी त्याच वेळी जोडा. टोकं पोचत नसतील तर अन्सा सर्व्हायकॅलिसची (मानेच्या पुढच्या स्नायूंना जाणाऱ्या नर्व्हची) फांदी रिकरंटच्या वरच्या टोकाला जोडता येते. स्वरतंतू पुन्हा हलत नाही, पण स्नायू सुकत नाही आणि आवाज बराच सुधारतो.

ट्रॅकिओस्टॉमी

हे छोटं ऑपरेशन म्हणून रात्री एकट्या ज्युनिअरवर सोपवलं जातं. धमन्यांच्या बाबतीत ते छोटं नाही.

थायरॉइडिआ इमा ही मधोमध वर चढणारी धमनी, बहुधा इनॉमिनेटमधून निघणारी, शंभरात ३ ते १० जणांत असते. ती श्वासनलिकेच्या पुढच्या पृष्ठावरून इस्थमसकडे (थायरॉइडच्या दोन भागांना जोडणारा मधला पट्टा) जाते. कापली गेली तर खालचं टोक छातीच्या हाडामागे आखडतं आणि पकडायला मिळत नाही. म्हणून मध्यरेषेत श्वासनलिकेपुढची प्रत्येक उभी वाहिनी बांधून मगच कापायची, कितीही बारीक दिसली तरी.

इनॉमिनेट उंच असेल, किंवा डावी कॅरोटिड इनॉमिनेटमधून निघून श्वासनलिका ओलांडत असेल, तर खालच्या कड्यांपाशी ती अगदी समोर येते. मुलांमध्ये मान ताणल्यावर हे जास्त. छेद दुसऱ्या-तिसऱ्या कड्यापाशीच घ्या, खाली घसरू नका. श्वासनलिका उघडण्याआधी बोट आत घालून ठोके तपासा. ट्यूब खाली बसली की तिचं टोक किंवा कफ धमनीवर घासत राहतो आणि भिंत झिजते. ट्रॅकिओस्टॉमीनंतर दोन दिवस उलटून गेल्यावर, विशेषतः पहिल्या तीन आठवड्यांत ट्यूबमधून ताजं लाल रक्त आलं, थोडंसं येऊन थांबलं तरी, ते इनॉमिनेटचं नाही हे सिद्ध होईपर्यंत इनॉमिनेटचंच समजा. वाहायला लागलं तर कफ जास्त फुगवा. तेवढ्याने भागलं नाही तर तोंडातून ट्यूब घालून, छिद्रातून बोट घालून धमनी छातीच्या हाडावर पुढे दाबून धरा, आणि ते बोट ऑपरेशन थिएटरमध्ये पोचेपर्यंत काढू नका.

नेक डिसेक्शन आणि गाठीची बायोप्सी

जबड्याखाली फेशिअल नर्व्हची मार्जिनल मँडिब्युलर फांदी, खालचा ओठ हलवणारी. डिंगमन आणि ग्रॅब यांनी १९६२ मध्ये चेहऱ्याच्या शंभर बाजू उघडून पाहिल्या. फेशिअल धमनीच्या मागे १९ टक्क्यांत ती जबड्याच्या कडेखाली होती, जास्तीत जास्त १ सेंटिमीटर. जिवंत, ताणलेल्या मानेत ती त्याहूनही खाली येते, वयस्कर लोकांत जास्तच. म्हणून चिरा कडेपासून दोन बोटं खाली. फेशिअल शीर सबमँडिब्युलर ग्रंथीच्या खालच्या कडेपाशी बांधा, वरचं टोक टाक्यासह वर उलटा, नर्व्ह त्या पडद्याच्या वरून सुरक्षित राहते. पण जबड्याच्या कडेवरच्या लिम्फ नोड काढायच्या असतील तर ही युक्ती चालत नाही, तिथे नर्व्ह डोळ्यांनी पाहूनच जावं लागतं.

ॲक्सेसरी नर्व्ह (खांदा उचलणाऱ्या ट्रॅपेझिअस स्नायूची) बहुतेकांत जुगुलर शिरेच्या पुढून-बाहेरून जाते. काहींत ती शिरेच्या मागून जाते, आणि क्वचित शीर दुभागलेली असते व नर्व्ह तिच्या भोकातून जाते. शिरेच्या पुढे नर्व्ह दिसली नाही म्हणून मागची ऊती सरळ उचलली तर ती तिथेच कापली जाते. तिला डायगॅस्ट्रिक या जबड्याखालच्या स्नायूच्या मागच्या पोटाखाली शोधा.

आपल्याकडे या नर्व्हची सगळ्यांत जास्त हानी मोठ्या ऑपरेशनमध्ये होत नाही. ती होते मानेच्या मागच्या त्रिकोणातल्या क्षयाच्या गाठीची लोकल भूल देऊन बायोप्सी घेताना. तिथे नर्व्ह त्वचेखाली जेमतेम फॅशियाच्या एका थराखाली असते, आणि गाठी तिच्याच साखळीतल्या असतात. ग्रेट ऑरिक्युलर नर्व्ह स्टर्नोमास्टॉइडच्या मागच्या कडेला जिथे वळते तो बिंदू शोधा. ॲक्सेसरी बहुधा त्याच्या वर २ सेंटिमीटरच्या आत बाहेर येते आणि खाली-मागे जाऊन ट्रॅपेझिअसमध्ये शिरते. गाठ चिकटलेली असेल तर पूर्ण काढण्याचा अट्टहास नको, एक तुकडा पुरेसा आहे. किंवा दुसरी, पुढची गाठ निवडा. नर्व्ह गेलेला पेशंट पंधरा दिवसांनी सांगतो की हात खांद्याच्या वर जात नाही, केस विंचरता येत नाहीत, खांदा दुखतो. हमाल, शेतमजूर असेल तर त्याची रोजीच गेली.

कॅरोटिडच्या दुभंगापाशी दोन खोडांतली एक्स्टर्नल कोणती, हे जागेवरून ठरवू नका. काहींत, विशेषतः वयस्करांत, एक्स्टर्नल बाहेरच्या बाजूला असते. फांद्या पाहा: इंटर्नलला मानेत सहसा फांदी नसते. पण ऑक्सिपिटल किंवा असेंडिंग फॅरिंजिअल क्वचित तिच्यातूनही निघते, म्हणून एक फांदी पुरेशी नाही, दोन दाखवा. पाचातल्या एखाद्यात लिंग्वल आणि फेशिअल एकाच खोडातून निघतात. लिंग्वल बांधायला जाऊन त्यात दोन्ही गेल्या तर कापलेला फ्लॅप काळा पडू शकतो. एक्स्टर्नल बांधण्याआधी तिला बुलडॉग क्लॅम्प लावा आणि कानापुढचा टेंपोरल ठोका थांबतो का हे भूलतज्ज्ञांना तपासायला सांगा. दुभंग हाताळताना हृदयाचे ठोके मंदावले तर हात काढा, आणि सीनिअरच्या सांगण्यावरून तिथे १ टक्का लिग्नोकेनचे १-२ मिलिलिटर सोडा.

हायपोग्लॉसल नर्व्ह (जीभ हलवणारी) दुभंगाच्या वर आडवी जाते, पण ऑक्सिपिटलची स्टर्नोमास्टॉइडला जाणारी छोटी फांदी तिला खाली ओढून धरते. ती फांदी बांधून कापली की नर्व्ह आपोआप वर सरकते. तिच्याभोवतीच्या बारीक शिरांतून रक्त आलं की न दिसता चिमटे मारू नका, त्यातला एक नर्व्हवर पडतो. फ्रेनिक नर्व्ह (श्वासपटल हलवणारी) स्केलिनस अँटिरिअर स्नायूवर, प्रीव्हर्टिब्रल फॅशियाच्या खाली असते. फॅशिया अखंड ठेवली तर ती आणि ब्रेकिअल प्लेक्सस (हाताला जाणाऱ्या नर्व्हचं जाळं) दोन्ही सुरक्षित. प्लेक्ससचं सी-५ मूळ काहींत स्केलिनस अँटिरिअरच्या पुढून किंवा त्याच्या आरपार येतं, ते फ्रेनिक समजून सोडून दिलं तर बिघडत नाही, फॅशियाचा बंध समजून कापलं तर खांद्याची ताकद जाते. व्हर्टिब्रल सी-६ मध्ये न शिरता वर जाते तेव्हा सी-६ च्या उंचवट्यापुढे उघडी असते. स्टेलेट ब्लॉक (मानेतल्या सिंपथेटिक गाठीजवळ बधिर करणारं इंजेक्शन) देणाऱ्यांनी आणि मानेचे मणके पुढून उघडणाऱ्यांनी हे आधी पाहिलंच पाहिजे.

घसा

टॉन्सिल काढण्याआधी, घशामागचा पू काढण्याआधी, मागच्या भिंतीवर नजर टाका आणि बोट ठेवा. मोठ्या माणसात इंटर्नल कॅरोटिड टॉन्सिलच्या जागेपासून साधारण अडीच सेंटिमीटर मागे-बाहेर असते, लहान मुलात त्याहून जवळ. नागमोडी कॅरोटिड थेट श्लेष्मल त्वचेखाली येऊन धडधडते. २२क्यू११ डिलीशन (बाविसाव्या क्रोमोसोमचा एक तुकडा नसणं) असलेल्या मुलांमध्ये, त्यातही ज्यांच्या टाळूची दुरुस्ती ठरलेली असते त्यांच्यात, हे विशेष शोधा. धडधडणाऱ्या फुगवट्यात सुई घालून ‘पू आहे का पाहू’ असं कधीही करायचं नाही. आधी कॉन्ट्रास्ट सीटी.

ऑपरेशन नोट

‘नर्व्ह ओळखली व जपली’ एवढ्याने भागत नाही. कोणत्या बाजूची, धमनीच्या पुढे की मागे, किती फांद्या, स्वरयंत्रात शिरेपर्यंत दिसली की अर्धीच, शेवटचा व्हेगस सिग्नल किती, हे लिहा. पाच वर्षांनी उरलेली बाजू किंवा परत आलेली गाठ काढणाऱ्याकडे व्रणाच्या ऊतीतून जाताना हाच एक नकाशा असतो.

नॉन-रिकरंट नर्व्ह सापडली असेल तर डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा की उजवी सबक्लेव्हियन धमनी अन्ननलिकेमागून जात असण्याची शक्यता आहे, आणि नंतर सीटी करून खात्री करून घ्या. पेशंटलाही त्याच्या भाषेत सांगा. उद्या त्याची अँजिओग्राफी उजव्या मनगटातून करायला घेतली तर कॅथेटर महाधमनीत वळता वळत नाही, आणि आयसीयूत नाकातली नळी बरेच आठवडे राहिली तर अन्ननलिका आणि त्या धमनीमध्ये भोक पडू शकतं. कार्डावरची ती एक ओळ वाचून कार्डिऑलॉजिस्ट डावं मनगट निवडेल आणि आयसीयूतला डॉक्टर नळी लवकर काढेल.